गाळलेली चाळीस मिनिटं

मला मुळातच स्वस्थ बसवत नाही. महादेवपुऱ्यातल्या त्या ऑफिसात माझी खुर्ची सारखी करकरायची आणि शेजारची मंडळी वैतागायची. त्या आठवड्यात तर करकर जरा जास्तच होती. एका रक्तपेढीला आपल्या पिशव्यांच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवायच्या होत्या. एकच नोंदवही अनेकांच्या मशीनवर असली की मागाहून कुणाला गुपचूप खाडाखोड करता येत नाही. नोंद झाल्याशिवाय पिशवी खिडकीबाहेर द्यायची नाही, असा नियमच ते करणार होते. पण ब्लॉकचेनची मूळ साखळी फार रेंगाळते, म्हणून तिच्यावर वेगवान नेटवर्कं बांधलेली असतात. त्यांतल्या चारांची तुलना माझ्याकडे आली. तक्त्यात एक रकाना वेगाचा, दुसरा विकेंद्रीकरणाचा, म्हणजे नेटवर्क किती जणांच्या हातात आहे याचा.

आठवडाभर माझा प्रोग्राम दर मिनिटाला चारही ठिकाणी एकेका खोट्या पिशवीची नोंद पाठवत होता. एक नेटवर्क नुसतं पळत होतं. मी हरखून गेले. त्याच्यावरच्या नोंदी ओळीला लावणारं मशीन मात्र एकच, तेही एकाच कंपनीचं. दुसऱ्या रकान्यात मी 'एक' लिहिलं. लिहिताना काही वाटलं नाही.

गुरुवारी दुपारी ते मशीन बसलं. चाळीस मिनिटं एकही नोंद पुढे सरकेना. माझा जीव वरखाली होत होता, तो आलेख बिघडला म्हणून. कंपनीच्या चॅटवर विचारलं, तर 'बघतो आहोत' एवढंच उत्तर आलं. चडफडत खाली कॉफी प्यायला गेले. परत आले तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं.

माझा वरिष्ठ पुण्याचा. त्याने स्क्रीनकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. "अगं, आउटलायर आहे तो, काढून टाक. क्लायंटला क्लीन टेबल लागतं."

मलाही तेच हवं होतं. रेषेत न बसणारा आकडा दिसला की आम्हा लोकांचे हात शिवशिवतात. ज्या नोंदी पोचल्याच नाहीत त्या मी सरासरीत धरल्या नाहीत, आणि पळणारं नेटवर्क पहिलं आलं.

तक्ता गेला आणि मला चैन पडेना. सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमधलं कपाट मी दोनदा आवरलं. वरिष्ठाला मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. नोकरीत पक्कं व्हायला महिना उरला होता. घाबरले होते, दुसरं काय.

सोमवारी रक्तपेढीच्या डॉक्टरबाई आल्या. साठीच्या, मूळच्या बेळगावच्या. वरिष्ठाने तक्ता समजावला. "सरी, सरी," असा कानडीत होकार देत त्यांनी सहीसाठी पेन काढलं, आणि माझी खुर्ची करकरली. बघते तर मी उभी होते.

"मॅडम, हे नेटवर्क गुरुवारी चाळीस मिनिटं बंद होतं. ते मी तक्त्यातून काढलंय." आता थांबून उपयोग नव्हता. "दुसऱ्या क्रमांकाचं बऱ्याच जणांच्या हातात आहे. एक बसला तरी बाकीचे चालवतात. ते हळू आहे, पण बंद पडलं नाही."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"हळू म्हणजे किती गं?"

"अर्धं मिनिट लागतं."

"आणि ती चाळीस मिनिटं तू काय करत होतीस?"

"कॉफी प्यायला गेले होते."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आमच्याकडं तेवढ्या वेळात बाळंतीण टेबलावर असती, बाळ," त्या म्हणाल्या. "रक्त थांबत नसतंय तिचं. ते हळूचंच दे आम्हाला. आणि तक्ता नीट करून दे."

पेन पर्समध्ये गेलं. मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि गुरुवारच्या चाळीस ओळी परत भरायला घेतल्या. प्रत्येकीपुढे 'पोचली नाही' असं लिहायचं होतं. पहिल्या आठ-दहा ओळी नुसत्या टाइप केल्या. मग प्रत्येक ओळीला टेबलावरची ती बाई दिसायला लागली, आणि अजून तीस ओळी बाकी होत्या.