एका गाडीला दोन हार

नोकरीतले पुष्कळ गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला दरोडा कुठल्या ठाण्यात असताना झाला, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. नांदेडचा मेलेल्या माशांचा गुन्हा मात्र जसाच्या तसा लक्षात आहे. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता की कुणाचं घर फुटलं नव्हतं. तरीही 'साहेब, तुमचा सगळ्यात चांगला तपास कोणता?' असं कुणी विचारलं, तर मी खुनाचं नाव घेत नाही. हाच सांगतो, आणि अभिमानानं सांगतो.

मी मूळचा लातूरकडचा. त्या वेळी नांदेडला एका ठाण्याचा प्रभारी होतो. दसऱ्याचा दिवस होता. शस्त्रपूजन आटोपून आम्ही पेढे वाटत होतो, तेवढ्यात नदीच्या खालच्या अंगाच्या गावांतली पंधरा-वीस माणसं ठाण्यात शिरली. त्यांनी दोन टोपल्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवल्या. टोपल्यांत मेलेले मासे होते.

"हे बघा साहेब," त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला. "सकाळपासून गोदावरीत हेच तरंगून राहिलेत. जनावरं पाण्याला तोंड लावेनात. आता सण कशाचा करायचा आम्ही?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, डायरीला नोंद घेतली. दुपारपर्यंत महापालिकेचे एक अधिकारी लेखी तक्रार घेऊन हजर झाले. एरवी ही मंडळी इतकी चपळ नसतात, म्हणून मी जरा सावध झालो. तक्रार सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात काम करणाऱ्या एका ऑपरेटर बाईंविरुद्ध होती.

हे केंद्र काय असतं, ते मलाही तोवर नीट माहीत नव्हतं. शहरातल्या संडास-मोरीचं पाणी गटारांतून तिथं जातं. मोठमोठ्या टाक्यांत त्या पाण्यात खालून हवा सोडतात. त्या हवेवर कोट्यवधी जिवाणू जगतात आणि पाण्यातली घाण खातात. मग निवळलेलं पाणी नदीला जातं. हवा सोडणाऱ्या यंत्राला ब्लोअर म्हणतात, आणि तो रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो.

तक्रारीत म्हटलं होतं की, आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, बाईंनी यंत्रांची पूजा करून ब्लोअर बंद ठेवले. जिवाणू मेले आणि घाण पाणी नदीत गेलं. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट चटकन पटण्यासारखी होती. खंडेनवमीला आपल्याकडे नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होते, आणि पूजलेलं हत्यार त्या दिवशी कुणी चालवत नाही. शिवाय त्याच पाळीवरच्या एका सहकाऱ्यानं जबाब दिला होता: "माझ्यासमोर बाईंनी मशीन बंद केली."

दोन हवालदारांना घेऊन मी केंद्रावर गेलो. नाकाला रुमाल लावूनच उतरलो. बाई टाकीच्या कठड्याशी उभ्या होत्या. वय पस्तिशीच्या आसपास, पायात गमबूट, ओढणी कमरेला खोचलेली. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेल्या. आदल्या सकाळपासून त्या घरी गेल्या नव्हत्या.

"ठाण्यात यावं लागेल, बाई," मी म्हणालो.

"येते. पण अर्धा तास थांबा. ही दुसरी टाकी अजून थोडी जिवंत हाय. तिच्यातलं पाणी बदलून राहिले मी."

पोलीस दारात आल्यावर माणसं रडतात, पाया पडतात, कुणाला तरी फोन लावतात. अर्धा तास थांबा म्हणणारा आरोपी मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला राग आला, पण थांबलो.

ठाण्यात महिला हवालदाराला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली.

"ब्लोअर का बंद केले?"

"केले न्हाईत."

"पूजा झाली ना?"

"झाली की. सकाळी कामावरच्या पोरांनी हळदकुंकू लावलं, हार घातला, घरी गेली. आम्ही बौद्ध, आमच्यात ही पूजा न्हाई. म्हणून दर खंडेनवमीला पाळी मीच मागून घेते. मी त्यांना म्हणते, पूजा करा, पण चालू मशीनची करा. तुमच्या देवाला सण असंल, टाकीतल्या जिवांना न्हाई."

"मग मेले कसे ते?"

"मारले कुणीतरी. हवा बंद झाली असती तर टाकी काळी पडली असती, सडक्या अंड्याचा वास आला असता. ही पांढरी पडली. दुपारनंतर एकदम फेस वर आला आन्‌ घशात झोंबणारा वास. मी आत येणारं पाणी अडवलं, पण शहराचं पाणी किती वेळ अडवणार? लोकांच्या घरात उलटं येतं ते. वरच्या साहेबांना फोन लावले. सणाचा दिवस, कुणी उचलला न्हाई."

त्या पाण्याचे नमुने त्यांनी कॅनमध्ये भरून फ्रीजमध्ये ठेवले होते. आम्ही ते पंचांसमोर सील केले. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी कॉलेजात या विषयाचे एक प्राध्यापक होते. सुट्टी असूनही ते केंद्रावर आले, टाकी पाहिली आणि म्हणाले, "बाई बरोबर सांगताहेत. हे तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं काम दिसतंय. प्रयोगशाळेचा अहवाल येईल तेव्हा येईल, तुम्ही तपास त्या दिशेनं करा."

तेवढ्यात वरून फोन आला. लोक चिडलेत, पेपरवाले विचारताहेत, संध्याकाळपर्यंत एक अटक दाखवा. दाखवा हा शब्द मला नोकरीभर खुपला. अटक काय प्रदर्शनात मांडायची वस्तू आहे?

मी विचारात असतानाच एक वयस्क गृहस्थ केबिनच्या दारात आले. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा. ते बाईंचे वडील होते, रेल्वेतून रुळांची देखभाल करणारे गँगमन म्हणून निवृत्त झालेले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम अर्धा सोडून मुदखेडहून थेट आले होते. मी बसा म्हणालो, ते बसले नाहीत.

"साहेब, तिची चूक असंल तर धरा. मी आडवा येनार न्हाई. पण चूक नसंल तर तिला कामावर जाऊ द्या. रूळ तुटल्यावर गँगमनला कोठडीत घालून गाडी चालत न्हाई."

त्यांच्या बोलण्यात विनवणी नव्हती. मी आत जाऊन बाईंना विचारलं, "सोडलं तर काय कराल?"

"विरजण लावीन," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या टाकीत थोडं जिवंत उरलंय, पण पुरणार न्हाई. दुसऱ्या शहराच्या केंद्रातून जिवंत गाळ आणावा लागंल. शेण, गूळ घालून वाढवावा लागंल. चांगली काळजी घेतली तर पंधरवड्यात टाकी सावरंल. मी आत बसले तर महिना-दोन महिने सगळ्या शहराचं जसंच्या तसं नदीत जाईल. मग खालच्या गावांनी काय प्यावं?"

मी अटक केली नाही. हजर राहण्याची नोटीस दिली, सही घेतली आणि आमच्याच जीपमधून बाईंना केंद्रावर सोडायला लावलं. वरिष्ठांना कारणं लेखी कळवली. ते रागावले, पण कागदावर नाही म्हणाले नाहीत.

जिवंत गाळाचा टँकर लातूरहून आला. माझ्या जुन्या ओळखी तिथं उपयोगी पडल्या. वाटेत चिडलेल्या लोकांनी अडवू नये म्हणून एक हवालदार टँकरमध्ये बसवला. तो पुढं वर्षभर कुरकुरत होता, "साहेबांनी आयुष्यात एकदाच बंदोबस्त दिला, तोही गाळाला."

इकडं तपास सुरू झाला. आधी त्या सहकाऱ्याकडं वळलो. केंद्राच्या भिंतीला लागून एका म्हाताऱ्याचं घर आहे. ब्लोअरच्या आवाजाबद्दल तक्रारी करून करून तो थकला होता. त्याला विचारलं, खंडेनवमीला मशीन बंद होती का? तो म्हणाला, "बंद असती तर मला झोप नसती का लागली? दिवसभर घरघर चालूच व्हती." सहकाऱ्याला बोलावून मी एकच प्रश्न केला, "मशीन बंद झाली तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?" त्याला जागा सांगता येईना. तो त्या दिवशी कामावर गेलाच नव्हता. स्वतःची गैरहजेरी झाकायला त्यानं बाईंवर ढकललं होतं. मी त्याला समोर बसवून दुसरा जबाब घेतला.

आता तेजाब आलं कुठून, हा प्रश्न होता. गटारात एवढं तेजाब ओतायचं तर टँकर लागणार. संडासाच्या सेप्टिक टाक्या उपसणाऱ्या गाड्या शहरात मोजक्याच. आमच्या पोरांनी एकेका मालकाला आणि ड्रायव्हरला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: खंडेनवमीला गाडीची पूजा केली, गाडी हलवली नाही. मोबाइलमध्ये प्रत्येकाकडं हार घातलेल्या गाडीचा फोटो. सगळे खरंच बोलत असावेत असं मलाही वाटू लागलं होतं.

खबर मिळाली ती चौकातल्या फुलवालीकडून. माझा एक हवालदार तिच्याकडून रोज ठाण्यातल्या फोटोसाठी हार आणायचा. पोलीस टँकरवाल्यांना विचारत फिरताहेत हे तिच्या कानावर गेलं होतं. ती त्याला म्हणाली, "दादा, एक इचारू? एका गाडीला एकाच दिवशी दोन हार कोन घालतं?"

"म्हणजे?"

"आपल्या चौकातला त्यो टँकरवाला खंडेनवमीला सकाळी मोठा हार घेऊन गेला. दिवस मावळायला पुन्हा आला. मी म्हनलं, दुसरी गाडी घेतली का रं? तर म्हनला, न्हाई मावशी, तीच हाय. तोंड लई उतरलं व्हतं त्याचं."

हवालदारानं हे मला सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. तसाच उठलो.

ड्रायव्हर चाळिशीचा, देवभोळा. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला. गाडीचं कौतुक केलं, फोटो पाहिला.

"हार छान आहे. सकाळचा का संध्याकाळचा?"

त्यानं मोबाइल खिशात घातला.

"पहिला हार कुठं गेला?"

"पडला आसंल, साहेब."

"उभ्या गाडीचा हार पडत नाही. आणि पडला तरी माणूस तोच उचलून पुन्हा घालतो. दुसऱ्यांदा पूजा तू कशासाठी केलीस?"

त्यानं कप खाली ठेवला. मग त्याला हुंदका आला. "पूजलेली गाडी बाहेर काढली, साहेब. देव माफ करनार न्हाई म्हनून पुन्हा धुतली, पुन्हा पुजली."

सगळं बाहेर आलं. शहराबाहेर रसायनांची जुनी पिंपं धुणारं एक आवार होतं. तिथलं साचलेलं तेजाब सरकारी नियमानं विल्हेवाटीला पाठवायचं सोडून मालकानं गटारात ओतायला लावलं होतं. दिवस मुद्दाम खंडेनवमीचा निवडला, कारण रस्ते मोकळे आणि कुणी गाडी काढत नसल्यानं संशयही नाही. पूजलेली गाडी काढायला ड्रायव्हर नको म्हणाला, पण आवाराच्या मालकापुढं त्याचं चाललं नाही.

"पहिला हार?" मी पुन्हा विचारलं.

"देवाचा हार घालून असलं काम कसं करावं? आधी काढला. गटारात टाकवंना. बाजूच्या बाभळीला अडकवून ठेवला."

पंचांना घेऊन आम्ही त्यानं दाखवलेल्या जागी गेलो. केंद्राकडं जाणाऱ्या मोठ्या गटाराचं झाकण, भोवतीचं गवत करपलेलं, आणि शेजारच्या बाभळीवर सुकलेला झेंडूचा हार. दोऱ्याऐवजी त्याला हिरव्या साडीचा काठ फाडून बांधला होता. फुलवालीनं तो पाहताक्षणी ओळखला. तिचे सगळे हार तसेच असतात. हार, करपलेली माती, टँकरच्या आतला थर, सगळं पंचनाम्यानं जप्त केलं. आवाराच्या मालकाला त्याच संध्याकाळी त्याच्या घरातून उचललं. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

पोलिसाच्या नोकरीत मी एक पाहिलं आहे. गुन्हा करताना माणूस कायद्याला घाबरत नाही, पण घरच्या रीतीला घाबरतो. ज्याला नदीत विष जातंय याचं काही वाटलं नाही, त्याला झेंडूचं फूल गटारात टाकवलं नाही. तेव्हापासून नव्या अधिकाऱ्यांना मी सांगत आलो की, कॅमेरे बघा, मोबाइल बघा, पण त्या दिवशी सण कोणता होता तेही बघा. आणि अटक करण्याआधी एवढं विचारा की, या माणसाला आत टाकल्यानं बाहेरचं कोणतं काम अडणार आहे. त्या दिवशी मी ते विचारलं, याचं मला आजही समाधान आहे.

पंधरवडा पुरा व्हायच्या आतच टाकीत जिवंत गाळाचा तपकिरी रंग परत आला. बाईंनी फोन करून सांगितलं, आणि मी गेलो. या वेळी रुमाल विसरलो, तरी चाललं. टोपल्या घेऊन आलेला तो म्हातारा कठड्यावर वाकून आत बघत होता. त्याला कुणी बोलावलं होतं कोण जाणे.

आरोपपत्राची तयारी झाली तेव्हा बाईंचं नाव संशयितांतून निघून साक्षीदारांत पहिलं लागलं. सहीसाठी त्या ठाण्यात आल्या. आमच्या रायटरनं जबाब वाचून दाखवला. नाव, वय, पत्ता, आणि धंदा म्हणून त्यानं 'नोकरी' लिहिलं होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे खोडा."

"का हो बाई? नोकरीच करता ना?" रायटर म्हणाला. "तुम्हाला बरं दिसावं म्हणून तसं लिहिलं. उगाच कोर्टात सगळ्यांसमोर गटाराचं नाव कशाला?"

"त्याच्यासाठीच तर आले मी. सगळ्यांसमोर वाचा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र ऑपरेटर. पूर्ण लिहा, मग सही करते."

रायटरनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "लिही. मोठ्या अक्षरात लिही."