पेटी संपवायची म्हणजे संपवायची

माझ्या फजितीची गोष्ट सांगते, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकता ऐकता एकीच्या नाकातून आला होता.

डोहाळजेवणाला बहिणीने मला मेकअपची भलीमोठी पेटी दिली होती. मग मुक्ता झाली, आणि पुढची तीन वर्षं माझ्या चेहऱ्याला जे काही लागलं ते तिनेच लावलं. बहुतेक वेळा वरणभात. परवा कपाट आवरताना पेटी सापडली. उलटी करून बघते तर एक्सपायरीला बरोबर एक महिना उरलेला.

"दे टाकून," समीर म्हणाला. समीर म्हणजे नवरा.

"नवीकोरी आहे. संपवते मी."

"तू?" म्हणाला, आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये शिरला.

आता हा 'तू?' काही साधा नव्हता. त्यात माझा अर्धा स्वेटर होता, जो मुक्तासाठी विणायला घेतला आणि आता तिच्या बाहुलीलाही होत नाही. चौथ्या धड्यावर सोडलेला तेलुगूचा क्लास होता. दोनदा सुरू केलेलं बी.एड. होतं. मी काहीच शेवटाला नेत नाही हे मलाही माहीत आहे, पण म्हणून ते एका शब्दात बसवायचं? तिथेच ठरवलं. पेटी संपवायची म्हणजे संपवायची.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसातला फाउंडेशन, गालांवर लाली, पापण्यांवर जांभळा रंग, वर गडद लिपस्टिक. या अवतारात मी घराजवळच्या चिक्कडपल्लीच्या बाजारात अंबाडीच्या जुड्या निवडायचे. रॅश उठली का म्हणून दर तासाला आरशात मान तपासायचे ते वेगळंच.

शेजारच्या सरोजम्मांनी जिन्यात गाठलं. "क्या अम्मा, फंक्शन है क्या?"

"नहीं आंटी, ऐसेच."

चौथ्या दिवशी, "नौकरी लगी क्या?" दहाव्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. नुसत्या माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायच्या. मुक्ताच्या प्ले-स्कूलची टीचर मात्र खूश. मला 'स्मार्ट मम्मी' म्हणायला लागली.

काजळाचा एवढासा तुकडा उरला. मुक्ताला लावायची भीती वाटली, म्हणून तिच्या सगळ्या बाहुल्यांना तीट लावली. शेवटच्या दिवशी फाउंडेशनच्या बाटलीत कानकोरणं घालून तळ खरवडला आणि रिकामी पेटी समीरपुढे ठेवली, पदवीचं सर्टिफिकेट ठेवावं तशी.

"संपवलीस की गं," तो म्हणाला. खरंच चकित झाला होता.

दुसऱ्या दिवशी नुसता साबणाने धुतलेला, स्वतःचा जुना चेहरा घेऊन मुक्ताला सोडायला निघाले. वॉचमन मला बघून खुर्चीतून उठला. "मॅडम, ऑटो बुलाऊं? दवाखाने कू?"

टीचरने दारातच अडवलं. "मॅम, घर में वायरल है क्या? ठीक होने तक बच्ची को मत लाइए, प्लीज."

"मैं एकदम ठीक हूँ. मेरा चेहरा ऐसाच है."

तिला पटेना. ती मुक्तापुढे वाकली. "बेटा, मम्मी को क्या हुआ?"

मुक्ताने गंभीरपणे सांगितलं, "मम्मी का मुँह कल खतम हो गया."

आम्ही दोघी घरी परत. पाठोपाठ सरोजम्मा, हातात मिरियाल चारु, म्हणजे मिऱ्यांचं कढत सार. "एक महीने से देख रई मैं. कुछ तो टेंशन है तेरे कू. तेरे मियाँ कू फोन कर दी मैं."

अर्ध्या तासात समीर ऑफिस टाकून धापा टाकत हजर. "काय होतंय तुला?"

"काही नाही."

"मग अशी का दिसतेस?"

"पेटी संपली ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. लग्नाला पाच वर्षं झालीत, पण त्यालाही या चेहऱ्याची सवय सुटली होती. मी कितीही ठणठणीत असले, तरी उद्या मुक्ताला शाळेत कोण घेणार होतं? संध्याकाळी तिघं जाऊन तसलीच दुसरी पेटी घेऊन आलो. सकाळी टीचरने हसून दार उघडलं. "अब तबियत अच्छी लग रही है, मॅम."

समीर म्हणाला, "ही पेटी मात्र कधी संपवू नकोस हं."

म्हटलं, निश्चिंत राहा. न संपवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.