जी पेटवील तिच्याच हाती

सोजरबाईचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान सदाशिव पेठेत होतं, माझ्या फुलवातींच्या पाटीला लागून. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं आपटायचं. तेव्हा गॅस मोजक्या घरी. बाकी सगळीकडे स्टोव्हची फरफर.

तिचा नवरा दत्तोबा होता तेव्हा दुरुस्त केलेला स्टोव्ह कुणाच्याही हाती जायचा. एकदा असाच गेला, घरातल्या बाईनं न बघता पंप मारला आणि हात भाजून घेतला. दत्तोबा गेल्यावर सोजरबाईनं तांबड्या जोगेश्वरीला शब्द दिला, जी पेटवील तिच्याच हाती स्टोव्ह देईन. आधी स्वतः पेटवायची, ज्योतीला हात जोडायची, मग त्या बाईकडून पेटवून घ्यायची. पुरुषमाणूस आला की, "घरच्यांना धाडा." निम्मी गिऱ्हाइकं चिडून दुसरीकडे गेली. मी म्हणायची, "देवीला जरा स्वस्तातला शब्द द्यायचास."

एका मंगळवारी मंदाकिनीबाई आल्या. परीटघडीचं पातळ, गोड बोलणं. पितळी स्टोव्ह पुढे ठेवला. "गळतो हो. सुनेला भीती वाटते."

सोजरबाईनं रॉकेल भरलं, पंप मारला, पेटवला. निळी ज्योत, थेंब नाही. "ह्याला काय बी झालेलं न्हाय."

"असू दे. दुरुस्तीचे पैसे घ्या. आणि उद्या कुणी विचारलंच तर सांगायचं, स्टोव्ह गळका होता, केव्हा दगा देईल नेम नव्हता."

"कोन इचारनार?"

"विचारतात हो लोक."

माझ्या बोटांतली वात तशीच राहिली. मी अक्षर लावून लावून पेपर वाचते, पण त्या दिवसांतली एक बातमी पाठ झाली होती. स्टोव्हचा भडका, नवी सून, आणि घरात दुसऱ्या कुणाला चटकासुद्धा नाही.

सोजरबाईनं स्टोव्ह पाठीमागं सरकवला. "सूनबाईंना धाडा. त्यांच्याच हाती देईन."

"अहो, स्टोव्ह माझा आहे."

"पेटवतंय कोन?"

मंदाकिनीबाई हसल्या. "जागेचे मालक आमच्या ह्यांचे स्नेही आहेत. जिना राहील, तुम्ही राहणार नाही."

त्या गेल्यावर मी म्हटलं, "पोलिसात जाऊ या?"

"काय सांगू? चांगला स्टोव्ह आनलाय म्हनून?"

जिन्यावर पाऊल वाजलं की दचकायची. "दुसरा स्टोव्ह आनला तर गं त्यांनी?" दुसऱ्या दिवशी तिनं स्टोव्ह लपवायचा सोडून पायरीवर मांडला. येईल त्याला सांगायची, "मंदाकिनीबाईंचा हाय. एकदम चांगला. सूनबाईंची वाट बघतोय." बोलताना ओठ पांढरे, तरी सांगायची. पेठेत अशी गोष्ट रॉकेलपेक्षा लवकर पसरते.

चर्चा नको म्हणून मंदाकिनीबाई सुनेला घेऊन आल्या. श्यामला तिचं नाव. कोपराला धरूनच आणलं होतं. पायरीशी माणसं जमली. काडी ओढायच्या आधी त्या पोरीनं सासूकडे पाहिलं, अन् काडी विझली. दुसरीही विझली.

"पोरी, ह्याला काय बी झालेलं न्हाय," सोजरबाई म्हणाली, "आनि हे आता समद्या पेठेला ठाव हाय."

श्यामलानं काडेपेटी खाली ठेवली. "स्टोव्ह राहू दे इथंच. मी माहेरी जाते." आणि नेसत्या साडीनिशी निघाली. चार माणसांत मंदाकिनीबाईंना हात पुढे करता येईना. मी एसटीपर्यंत बरोबर गेले; सारख्या मागं वळून बघत होतो, तीही आणि मीही.

जागा गेलीच. सोजरबाई माझ्या पाटीशेजारी पोतं टाकून बसू लागली. डोकं आपटायची भीती तेवढी गेली, मंदाकिनीबाई कुणाला धाडतील ही राहिली.

दिवाळीत एक तरुण आला. "मी श्यामलाचा भाऊ. ताईनं स्टोव्ह मागवलाय. बरी आहे ती."

सोजरबाईनं स्टोव्हवर पदर टाकला. "बरी हाय ना? मग तिला धाडा."

तो हसला. सोजरबाई हसली नाही. तुळशीच्या लग्नानंतर श्यामला आली, पोत्याशी बसली आणि एका काडीत स्टोव्ह पेटवला. तेव्हा कुठं सोजरबाईनं हात जोडले.