सीलबंद खोलीतला पेशंट

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बत्तीस वर्षं नर्सिंग केलं. शवागाराला लागून असलेल्या खोलीत बसून डबे खाल्लेत. आमच्या वॉर्डात कोणी म्हणालं की सात नंबरच्या खाटेवर पेशंट टिकत नाही, तर मी सांगायचे, अरे बाबा, सात नंबरवर पंखा नाही, ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा, टिकेल कसा? आमच्या गावाकडे, मालवणात, प्रत्येक वडा-पिंपळावर कोणी ना कोणी बसलेलं असतं. त्यांनाही मी कधी भीक घातली नाही. तेव्हा हे वाचून कोणी म्हणणार असेल की बाई, तुम्हाला भास झाला असेल... तर ते मी स्वतःला शंभर वेळा म्हणून झालंय.

ऐंशीच्या दशकातली शेवटची सालं. मी राहायला विक्रोळीला, कन्नमवार नगरात. तिथून बसने ड्युटीवर जायचे – पूर्व उपनगरातलंच एक सरकारी हॉस्पिटल. नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं होणार नाही. पहिल्या मजल्यावर पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, त्याची मी इन्चार्ज सिस्टर. जिना चढून आलं की डावीकडे वॉर्ड, उजवीकडे पॅसेज. पॅसेजच्या एका टोकाला, जिन्याच्या मागे, धुतलेल्या चादरींची खोली. तिथे ना खिडकी ना वारा. दुसऱ्या टोकाला कोपऱ्यातली मोठी खोली, तिची खिडकी कंपाउंडमधल्या नळाच्या बाजूला उघडायची. ही कोपऱ्यातली खोली लक्षात ठेवा.

तेव्हा एड्सचं नाव नुकतंच लोकांच्या तोंडी आलं होतं. परदेशातली बिमारी आता मुंबईत शिरली, असं रोज पेपरात काही ना काही छापून यायचं. लोकांची पाचावर धारण बसली होती. न्हाव्याकडे जाणारे घरून ब्लेड न्यायचे. आमच्याकडे साधा तापाचा पेशंट आला तरी आधी विचारायचा, सिस्टर, सुई नवीन आहे ना? काय सांगणार त्याला? काचेच्या सिरिंज, उकळून उकळून आकडे पुसले गेलेले. सुया बोथट झाल्या की दगडावर घासायच्या. हातमोजे धुवायचे, वाळत घालायचे, पावडर लावून परत घालायचे, भोक पडलं तर ठिगळ. हो आहे, नवीन आहे, म्हणायचे आणि टोचायचे.

शेवटी आजूबाजूच्या चाळींतले दहा-पंधरा लोक अर्ज घेऊन थेट सुपरिंटेंडेंट साहेबांकडे आले. बिमारी आली तर तुमची तयारी काय, दाखवा. त्याच सुमाराला वरून पत्रही आलं होतं की प्रत्येक हॉस्पिटलने वेगळी खोली तयार ठेवावी, पाहणीला समिती येईल. मग काय, चार दिवसांत झाली ना तयारी! कोपऱ्यातल्या खोलीला रंग लागला. दोन खाटा, नव्या गाद्या, नवे रबर शीट. हातमोज्यांचे कोरे खोके, गाऊन, मास्क, आणि एकदा वापरून फेकायच्या सिरिंज... त्या मी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. हात लावून बघितलं तर मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरच्या बाई, ओरडल्या. साहेबांनी त्या चाळवाल्यांना दारात उभं करून खोली दाखवली. बिचारे समाधानाने परत गेले.

ते गेले आणि खोलीला कुलूप लागलं. नुसतं कुलूप नाही, सील. आमच्याकडे ही जुनी पद्धत. पाहणीसाठी मांडलेलं सामान वॉर्डात गेलं की संपतं, आणि काही वेळा घरीही जातं. मागे गॅस्ट्रोच्या साथीसाठी आलेली ब्लँकेटं अशीच गेली होती. म्हणून कुलपावर कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायची आणि तिच्यावर तिघांच्या सह्या. आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलात राहणारे मोठे डॉक्टर, त्यांची एक, मेट्रनची एक, माझी एक. किल्ली माझ्या कमरेला. समिती येईपर्यंत पट्टी फाटता कामा नये. म्हणजे साथीची तयारी साथीपासूनच जपून ठेवायची! यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही, मलासुद्धा नाही.

पंधरा दिवसांत मोहन आला. जहाजावर खलाशी, वय पस्तिशीच्या आत, मूळचा आमच्याच बाजूचा. ताप हटत नव्हता, हाडाची काडं झालेली. रक्त शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं आणि रिपोर्ट आला. तीच बिमारी. रिपोर्ट गुप्त होता म्हणे... अर्ध्या तासात खालच्या चहावाल्यालासुद्धा माहीत. त्याच्या आजूबाजूच्या खाटा रिकाम्या झाल्या. आया म्हणाली, मी हात लावणार नाही, नोकरी गेली तरी चालेल. सफाईवाला पायरीवर जाऊन बसला.

मी आरएमओंना म्हटलं, डॉक्टर, कोपऱ्यातली खोली उघडू या, त्याच्यासाठीच तर आहे. त्यांनी माझ्यादेखत साहेबांना फोन लावला. हो सर, नाही सर, बरोबर आहे सर, करत फोन ठेवला. म्हणाले, "समिती गुरुवारी येतेय. तोवर खोली खराब झाली तर दाखवायचं काय?"

समिती त्या गुरुवारी आली नाही. पुढच्याही नाही.

मोहनची खाट जिन्यामागे, चादरींच्या खोलीपाशी टाकली. भोवती पडदा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, तसं. फक्त आमचा बंब त्याच पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि किल्ली माझ्या कमरेला.

आता जे सांगायचं ते सांगतेच. जेवणाचं ताट मी पायथ्याच्या स्टुलावर ठेवायचे आणि मागे व्हायचे. गोळ्या कागदावर. पाण्याचा ग्लासही तिथेच. उठून घेता आला तर त्याने घ्यायचा. पहिले दोन दिवस त्याचा ताप बघितला, मग नाही. थर्मामीटर लावायचा तर काखेत हात घालावा लागतो. तिथून पुढे तक्ता कोराच राहिला. हात लावल्याने ही बिमारी होत नाही, असं सांगणारा छापील कागद आम्हाला वाटला होता आणि मी तो वाचला होता. आपण अडाणी होतो असंही मला म्हणता येत नाही. घरी दोन लहान मुलं होती माझी, वॉर्डात ठिगळाचे हातमोजे होते... सगळं खरं. पण तो पडद्याआडून "सिस्टर, सिस्टर" म्हणायचा आणि मी रजिस्टरमध्ये मान घालून बसायचे, हेही तितकंच खरं आहे.

त्याची बायको सुलभा. तिला वर सोडू नका, असा गेटवर हुकूम होता. रोज डबा घेऊन यायची आणि कंपाउंडमध्ये नळापाशी उभी राहायची. एकदा ड्युटी संपवून निघाले तर तिने मला गाठलं. तिच्या चाळीतलेच लोक अर्ज घेऊन आले होते, त्यामुळे तिला खोलीचं माहीत होतं. हात जोडून म्हणाली, त्यांना त्या नव्या खोलीत ठेवा. मला बस पकडायची होती. मी म्हटलं, तिथेच ठेवलंय. तिचा चेहरा असा काही खुलला की मला तिथे उभं राहवेना.

पडद्याआड ठेवल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो गेला. पडद्याआडून आवाज येईनासा झाला, तेव्हा आम्हाला कळलं. प्लास्टिकमध्ये बांधून दिला. सुलभाला तोंडसुद्धा नीट बघू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी समिती आली.

सकाळी अकरा वाजता, चांगल्या लख्ख उजेडात, पाच-सहा जणांसमोर मी ते दार उघडलं. आधी आरएमओंनी पट्टी तपासली. जशीच्या तशी. तिन्ही सह्या शाबूत, कुठे सुरकुती नाही. खिडकीला बाहेरून गज. मी पट्टी फाडली, कुलूप काढलं, दार ढकललं.

आत घामाचा आणि स्पिरिटचा वास होता. कोरी गादी, नवी चादर यांचा जो वास असायला हवा तो नव्हता. खिडकीजवळच्या खाटेवर कोणीतरी बरेच दिवस झोपलेलं होतं. उशी दबलेली, चादरीवर माणसाच्या आकाराचा घामाचा डाग. हातमोज्यांचं एक खोकं अर्धं संपलेलं. कपाळावर ठेवायची ओली घडी वाडग्यात, अजून ओली. निजलेल्या पेशंटला पाजायच्या चोचीच्या फीडिंग कपात तळाला थोडं पाणी.

आणि खाटेला ताप-नाडीचा तक्ता लटकवलेला.

मी तो हातात घेतला. वर मोहनचं नाव. अकरा दिवस, दर चार तासांनी, एकही घर रिकामं नाही. खाली बारीक अक्षरात शेरे. पाणी मागितले, दिले. अंग पुसले. पाठ चोळली. घरची आठवण काढून रडला, जवळ बसले. शेवटची नोंद अकराव्या दिवशी सकाळी दहाची. पुढे काही नाही.

अक्षर माझं होतं. सारखं नव्हे, माझंच. मी साताला मध्ये आडवी रेघ मारते, तीसुद्धा. पहाटे दोनची, सहाची नोंदही माझ्याच अक्षरात, आणि त्या महिन्यात मला एकही नाइट नव्हती. मुलांना विचारा, मी घरी होते.

आरएमओंनी तक्ता वाचला, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि समितीचे अध्यक्ष? त्यांनी तक्ता उलटसुलट बघितला आणि खूश झाले! म्हणाले, आम्ही बाकी ठिकाणी नुसत्या मांडून ठेवलेल्या खोल्या बघितल्या, इथे काम चाललेलं दिसतंय. माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या अहवालाला तो तक्ता जोडला गेला, आमचं हॉस्पिटल सज्ज असल्याचा पुरावा म्हणून. मला हसावं की रडावं कळेना.

नंतर आरएमओंनी मला बंद दारामागे विचारलं, दुसरी किल्ली होती का, पट्टी काढून परत चिकटवली का? मी म्हटलं, डॉक्टर, मी त्या माणसाला हात लावत नव्हते, तुम्हालाही ठाऊक आहे. दुसरी कोणी सिस्टर रात्रीची जाऊन माझं अक्षर गिरवेल? मेट्रननी चादरी जाळायला लावल्या, खाटेवर नवी चादर घातली... आणि खोलीला परत सील लागलं. पुढच्या समितीसाठी. त्या पट्टीवरही माझी सही आहे.

महिन्याभराने सुलभा मृत्यूच्या दाखल्यासाठी आली. ऑफिसातलं काम झाल्यावर जिना चढून थेट माझ्यासमोर. मी म्हटलं, आली आता तोंडावर थुंकायला, थुंकू दे. तर ती वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतले तर तिने ते घट्ट धरले.

"बाय, माका खालसून सगळा दिसायचा," ती म्हणाली. "तुमी तेंका बसवन पाणी पाजीत होतास. डोक्यार हात फिरवीत होतास. माझो माणूस एकटो नाय मेलो, ह्या तुमचे उपकार."

कोणी म्हणेल, त्याला नव्या खोलीत ठेवलंय अशी थाप मी मारली होती म्हणून तिला तसं दिसलं. दिसलं असेल. मग तक्ता कोणी लिहिला? पाणी कोणी भरलं? मी डॉक्टरांना विचारलं, गावाला भटजींना विचारलं, माझ्या शिकलेल्या मुलालाही विचारलं. प्रत्येकाने काहीतरी सांगितलं आणि एकाचंही मला पटलं नाही.

सुलभाला मी खरं सांगितलं नाही. ती डोळे पुसत जिना उतरून गेली आणि तिने मानलेले उपकार मी ठेवून घेतले.

त्या खोलीत अकरा दिवस त्याच्याजवळ बसलेली ती बाई कोण, मला आजतागायत कळलेलं नाही. मी नव्हते, एवढंच मला माहीत आहे.