दळवीकाकांची गच्ची

डिसेंबर लागला की दळवीकाका आमच्या मुलुंडच्या सोसायटीत घरोघर बेल वाजवत फिरायचे. "बारानंतर गॅलरीतलो दिवो बंद ठेव हां. आकाशाक काळोख लागता." लोक हसून हो म्हणायचे आणि निम्मे विसरायचे.

ड्राफ्ट्समनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी जुना कॅमेरा घेतला आणि त्यांना उल्कावर्षावाचं वेड लागलं. गच्चीवरून दर वीस सेकंदांनी एक फोटो, पहाटेपर्यंत. मग सकाळी चहा घेत एकेक फोटो डोळ्यांत तेल घालून बघायचे. एखादी रेघ दिसली की मी उगाच खूश व्हायचो. काका शांतपणे तो फोटो पुसायचे. "तुटक तुटक रेघ म्हणजे विमान."

अशी सहा वर्षं गेली, उल्का काही मिळेना. मी एकदा म्हटलं, "काका, गोराईला जा ना. तिथे अंधार तरी असेल."

"थंय गावली तर ती गोराईची. माका माझ्या गच्चीवरची होयी."

सातव्या वर्षी इमारत पाडायची ठरली. जानेवारीत घरं रिकामी करायची होती, म्हणजे गच्चीचा तो शेवटचा डिसेंबर. टाकीजवळचा हॅलोजन रात्री आपोआप लागायचा. त्याचं बटण मीटररूममध्ये, आणि सेक्रेटरी म्हणून किल्ली माझ्याकडे. उल्कावर्षावाच्या मुख्य रात्री तो बंद करायचं मी कबूल केलं होतं. टीव्ही बघता बघता झोप लागली. सकाळी फोनवर काकांचे सात मिस्ड कॉल होते.

मी धावत वर गेलो. हॅलोजन अजून जळत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचे काका स्टुलावर बसून उजवा दंड चोळत होते. शेजारी काळी छत्री पडली होती. लेन्सवर उजेड येऊ नये म्हणून पाच तास ती आडवी धरून ते उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी कॅमेरा पुढे केला. फोटोत एक सलग, बारीक, हिरवट रेघ होती. कोपऱ्यात छत्रीची कड आली होती, नेमका त्याच क्षणी हात खाली आला असणार.

"ही कड कापून टाकू या," मी म्हटलं.

"कापू नको. पाच तास धरलीय ती." मग उठत म्हणाले, "आज रात्री दिवो बंद कर. अजून दोन रात्री आसत."

त्या दोन्ही रात्री मी मीटररूमच्या दारात खुर्ची टाकून बसलो. उल्का आली नाही. नवी इमारत उभी राहण्याआधीच, भाड्याच्या घरात काका गेले. तो फोटो काकूंनी मला दिला. आल्यागेल्याला मी त्यातली उल्का हौसेने दाखवतो. छत्रीकडे मात्र मला अजून बघवत नाही.