काकांच्या गाडीचं फ्युएल इंजेक्शन

लोणावळ्यात मी ज्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, त्या काकांकडे एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती. लाल रंगाची, दोन माणसांची, उघडी. इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारे दोन कार्बोरेटर. रविवारी काका बॉनेट उघडून रबरी नळीचं एक टोक कानाशी धरत, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी नेत आणि आत जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकून स्क्रू किंचित फिरवत. मग चोक ओढून, पायाने अंदाज घेत गाडी सुरू करत. काकू नोकरीत होत्या तेव्हा रोज स्वतःची गाडी चालवत पुण्याला जात. ही मात्र त्यांच्या हातून कधी सुरूच झाली नव्हती.

पुढे काकांचे हात थरथरू लागले. स्क्रू हवा तिथे थांबेना. मी आंबीच्या कारखान्यात इंजिनांच्या वायरिंगचं काम करते, हे त्यांना माहीत होतं. एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "कार्बोरेटर काढून हिला इंजेक्शनवर घेता येईल?"

"येईल. पण बरंचसं आपल्यालाच बनवावं लागेल."

"मग बनव."

भंगारातल्या एका छोट्या कारची, हवा आत सोडणारी थ्रॉटल बॉडी आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मिळाले. ती हवा इंजिनात नेणारा मॅनिफोल्ड आंबीतल्या वेल्डरकडून अॅल्युमिनियममध्ये करून घेतला. त्याला गाडीचा फोटो दाखवला, तर म्हणाला, "लय बारकी हाय की. माणसं कुटं बसत्यात?" पेट्रोल किती आणि कधी फवारायचं हे ठरवणारा सर्किट बोर्ड मी जेवणाच्या टेबलावर सोल्डर केला.

पहिल्या दिवशी इंजिन पेटलं, गचके देत बंद पडलं. पुन्हा तेच. स्पार्क प्लगच्या वायरी इंजिनाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीला खेटून गेल्या होत्या आणि बोर्डाला भलतेच सिग्नल मिळत होते. वायर बदलून दुसऱ्या बाजूने नेली. मग भुशीच्या रस्त्यावर काका गाडी चालवत आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बोर्डातले पेट्रोलचे आकडे बदलत असे. काही रविवारांनंतर बदलायला काही उरलं नाही.

त्यानंतर एका सकाळी काकूंनी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. त्या तशाच, घरच्या चपलांवर, गाडी घेऊन बाजारात जाऊन आल्या.

काका संध्याकाळी वर आले. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "ते कार्बोरेटर परत बसवता येतील का गं?"

"येतील. काकूंना विचारलंत?"

"नाही."

"आधी विचारा."

मी दोन वर्षांनी तळेगावला राहायला गेले, तोवर तरी त्यांनी विचारलेलं नव्हतं. मध्यंतरी शिरगावच्या मंदिराबाहेर दोघं भेटली. त्याच लाल गाडीत होती, स्टिअरिंगवर काकू. काका शेजारी डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत असं वाटून मी हळू बोलले, तर डोळे न उघडता म्हणाले, "चौथ्या गिअरला थोडं पेट्रोल जास्त जातंय. बघून घे."

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप जोडून बघितलं. खरंच जरा जास्त जात होतं.