दसऱ्याला पुजलेली रायफल

हात पाठीमागे बांधून आधी नुसतं बघायचं, ही नानांची सवय. आपण शिलाई मशीन दुरुस्तीला घेऊन घाईत गेलेलो आणि हे मशीनभोवती फेऱ्या मारताहेत. "पहिले डोया, मंग हात," म्हणायचे. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याच्यावर चिडतो आणि पुन्हा त्याच्याकडेच जातो.

नाना मूळचे धुळ्याकडचे. फौजेत शस्त्रं दुरुस्त करण्यात उमर गेली, मग जळगावला आमच्या शेजारी येऊन राहिले.

माझे सावद्याचे मामा रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. दर दसऱ्याला विळा-कुऱ्हाडीशेजारी ते गोणपाटात शिवलेलं एक लांब अवजार ठेवायचे. मामी त्यालाही हळदकुंकू वाहायची, वर पळीभर गोडंतेल सोडायची. रेल्वेचं काहीतरी असेल, एवढंच तिला ठाऊक. मामा गेल्यावर पहिल्या दसऱ्याला तिने तेलकट गोणपाट बदलायला उसवलं, तर आत बंदूक.

तिचा मुलगा नुकताच पोलीस भरतीत निवडला गेला होता. चारित्र्याची चौकशी व्हायची होती. शिकारीची जुनी बंदूक निघाली तर निभावेल, अशी आम्हाला वेडी आशा. मी नानांना घेऊन सावद्याला गेलो.

नानांनी बराच वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर बसून नळीवरचा नंबर वाचला. "हाई शिकारनी नही, अक्का. फौजनी शे."

नानांनी आम्हा सगळ्यांना भिंतीआड जायला सांगितलं, रायफलीचं तोंड शेणाच्या उकिरड्याकडे केलं आणि गोळी भरायच्या जागी असलेल्या कळीवर रॉकेल सोडलं. इतक्या वर्षांचं गोडंतेल आत डिंकासारखं घट्ट झालं होतं. अखेर खट्‌ आवाज आला. त्यांच्या तळहातावर हिरवी पडलेली गोळी होती. आम्ही पोरं दर दसऱ्याला तिच्यासमोर हात जोडून बसायचो.

"भाऊ, हिले विहिरीत टाकून द्या," मामी रडत म्हणाली. "कोनाले कयते?"

"विहिरमा टाकी तरी नंबर मिटस नही, अक्का."

त्यांनी स्वच्छ धोतरात रायफल गुंडाळली आणि मामीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी मामीला दरडावलं तेव्हा नाना मध्ये उभे राहिले. "उघडली मी, गोळी मी काढली. बाईला काही ठाऊक नाही. जे विचारायचं ते मला विचारा."

मामेभाऊ नोकरीला लागला. पेढे वाटले, नानांनाही दिले. प्रकरण मिटलं असं आम्ही धरून चाललो.

नाना वारले त्यानंतर मी त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी सहज सांगितलं. त्या रायफलीच्या चौकशीसाठी नाना तीन वर्षं सावद्याच्या ठाण्यात हजेरी देत होते. मामीला बोलावू नका, मी येतो, असं लिहून दिलं होतं त्यांनी.

मला सगळं आठवलं. इस्त्रीचा सदरा, हातात डबा, एसटी स्टँडकडे निघालेले नाना. मी ओट्यावरून थट्टेने विचारायचो, "नाना, आज कुठे दौरा?"

"काम शे थोडं," म्हणायचे आणि चालू लागायचे. मला लाज वाटते, मी एकदाही पुढचं विचारलं नाही.